कोणी हात लावला होता?

घरातला कॉम्प्युटर बटण दाबूनही उठेना की आपल्याकडे सर्वप्रथम चौकशी समिती बसते. पंखा जरासा गुरगुरतो, पडदा काळाच राहतो आणि बाबा बैठकीच्या खोलीतून गर्जतात, "शेवटी कोणी हात लावला होता?" काय बिघडलं हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसतोच. समितीचं अध्यक्षपद बाबांकडे जातं, कारण हप्ते त्यांनी फेडलेले असतात. निष्कर्षही पहिल्या बैठकीआधीच तयार असतो : चिरंजीवांनी गेम टाकला, त्याने बट्ट्याबोळ केला. आदल्याच रात्री 'अभिनंदन, आपण निवडले गेला आहात' या मेलवर कोणी आणि किती उत्साहाने क्लिक केलं, हा मुद्दा समितीच्या कार्यकक्षेत बसत नाही.

मग साक्षी. ताई म्हणते, मी फक्त प्रिंट काढली. चिरंजीव म्हणतात, मी तर क्लासला होतो. आई स्वयंपाकघरातूनच सांगते, "मी फक्त मागून ओल्या फडक्यानं पुसला." या साक्षीवर कोणी उलटतपासणी घेत नाही. घेतली तर निम्मी प्रकरणं तिथेच मिटतील, कारण पुसताना मॉनिटरची पिन ढिली झालेली असते आणि कॉम्प्युटर आत व्यवस्थित चालू असतो. पण आईवर ठपका ठेवणारा अहवाल स्वीकारला तर रात्रीच्या जेवणाचं काय, याचा विचार समितीला करावाच लागतो.

या खटल्यात खरं तर एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार पहिल्यापासून हजर असतो, तो म्हणजे खुद्द कॉम्प्युटर. बटण दाबल्याबरोबर तो आधी आपली स्वतःची तपासणी करतो. रॅम जागेवर आहे ना, डिस्प्ले कार्ड आहे ना, कीबोर्ड जोडलाय ना. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हापासून ही पद्धत आहे. पडद्यापर्यंत गाडी पोचली नाही तर तक्रार सांगायची कशी, म्हणून त्याला बीपची भाषा दिली. ही तपासणी करणारा प्रोग्रॅम म्हणजे बायोस. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार. रॅमच सापडली नाही तर लांब बीप थांबायचं नावच घेत नाहीत. बायोस दुसऱ्या कंपनीचा असला की खुणा बदलतात, पण मदरबोर्डच्या पुस्तिकेत बहुधा त्यांचा तक्ता असतो. ती पुस्तिका माळ्यावर, जुन्या मिक्सरच्या वॉरंटी कार्डाबरोबर, दुधाच्या पिशव्यांखाली सुखरूप असते. इकडे कॉम्प्युटर जीव तोडून ओरडत असतो, आणि अध्यक्ष म्हणतात, "आधी तो आवाज बंद करा रे, डोकं उठलंय."

कॅबिनेट बनवणाऱ्यांनीही काळाची पावलं ओळखली. तो बोटाच्या पेराएवढा भोंगा आता बऱ्याच कॅबिनेटांत येतच नाही. दिवे आहेत, सप्तरंगी पंखे आहेत, बाजूला काच आहे. आत काय जळतंय ते शोभिवंत प्रकाशात बघता येतं, ऐकू मात्र काही येत नाही. साक्षीदाराचं तोंडच शिवून टाकलं म्हणजे समितीला मोकळेपणी काम करता येतं.

पडद्यावर बोलायची संधी मिळाली तेव्हाही या यंत्राने फार दिवे लावले असं नाही. कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा, असा संदेश कित्येक वर्षं जगभरच्या पडद्यांवर झळकत होता. पेन्शनरला 'आपण हयात नसल्यास तसे समक्ष येऊन कळवावे' असं पत्र धाडावं, तशातली ही गत. एफ-वन कशावर दाबायचं?

चौकशीतून काही निघालं नाही की कॅबिनेट उघडण्याचा ठराव होतो. स्क्रूड्रायव्हर घेऊन भाचा येतो. तो सिव्हिल इंजिनिअर असतो, पण इंजिनिअर तो इंजिनिअर. झाकण निघतं आणि पंचनामा सुरू होतो. पंख्याच्या पात्यांवर बोटभर करडी लव. प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, कारण गेली दहा वर्षं खंडेनवमीला यंत्राची पूजा होते आणि हार नेमका हवेच्या जाळीवर घातला जातो. मदरबोर्डवर चार-दोन अक्षता. एका कोपऱ्यात झुरळाचे पंख, त्यांचा मालक बहुधा एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, उबेला कायमचा स्थायिक झालेला. बोर्ड दोन हजारच्या दशकातला असेल तर आणखी एक दृश्य : उभ्या डब्यांसारखे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एखाद्याच्या माथ्यावर तपकिरी खळ सुकलेली. त्या काळात सदोष द्रावण भरलेले कपॅसिटर जगभरच्या बोर्डांत बसले आणि लाखोंनी फुगले. चिरंजीवांच्या गेमचा त्यात हात नव्हता, पण तशी नोंद पंचनाम्यात होत नाही.

इथे भाच्याच्या बाजूने एक शब्द बोलायला हवा. तो रॅमची पट्टी काढतो, भाचीच्या कंपासमधलं पांढरं खोडरबर मागवतो आणि पट्टीची सोनेरी दातेरी कड हलकेच घासतो. घरातले हसतात. शुद्धतावादी तंत्रज्ञ म्हणतात, याने सोन्याचा मुलामा जातो, आणि त्यांचंही खोटं नाही. तरीही मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्या कडेवर जो थर चढतो तो खोडरबराने निघतो आणि पट्टी परत खटकन बसवली की मढं उठून बसावं तसा कॉम्प्युटर उठतो. हे मी थोतांडांच्या यादीत टाकायला तयार नाही. मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या चपट्या सेलचंही तेच. तीन व्होल्टचा तो सेल संपला की यंत्र आपला जन्मकाळ धरून बसतं. मग त्याच्या लेखी आज तारीख कुठल्याशा जुन्या वर्षाची एक जानेवारी असते, आणि बँकेची साइट 'तुमचं घड्याळ तपासा' म्हणून दारातूनच परत पाठवते. सेल घड्याळजीकडेही मिळतो. पण घड्याळजीकडे जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त केला, हे सोसायटीत सांगायचं कसं?

म्हणून शेवटी अधिकृत तज्ज्ञाला पाचारण होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात रोगाची नाडी ओळखणारी माणसं आहेत. सगळं काढायचं, एकच रॅम ठेवायची, दुसरा एसएमपीएस लावून बघायचा, मग एकेक भाग जोडत जायचं, एवढं साधं आणि कंटाळवाणं काम ती करतात. आपण त्यांच्याकडे जात नाही. आपण गल्लीतल्या त्या मुलाला बोलावतो जो दुचाकी बंद करायच्या आत निदान सांगतो : "काका, फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट हे आजच्या युगाचं एनिमा-जुलाब-उपास आहे. आवाज आला, फॉरमॅट. आवाज आला नाही, फॉरमॅट. माउसचं चाक फिरत नाही, विंडोज मारून देतो. ज्या कॉम्प्युटरला आपल्याला हार्ड डिस्क आहे की नाही याचाही पत्ता अजून लागलेला नाही, त्याची डिस्क पुसून काय साधणार, असं विचारणाऱ्याला तो मुलगा कीव आल्यासारखं बघतो आणि खिशातून पेनड्राइव्ह काढतो. "डेटा काही ठेवायचाय का?" हा प्रश्न तो विचारतो जरूर, पण साधारण चाळीस टक्के काम झाल्यावर. तोवर मुंजीचे फोटो आणि आजोबांचं अर्धवट आत्मचरित्र डेस्कटॉपसकट पंचत्वात विलीन झालेलं असतं. बॅकअप घ्यायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, मृत्युपत्र करायचं हे ठाऊक असतं तितपत. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरी मात्र असा फॉरमॅट नेमका ऑडिटच्या आदल्या आठवड्यात होतो आणि तीन वर्षांचे हिशेब जातात. यंत्राचा काय भरवसा.

या मुलाला हसण्याचा अधिकार मोठ्या कंपन्यांना तरी उरलेला नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा पुरवणाऱ्या कंपनीने एक सदोष अपडेट सोडलं आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने जगातली ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी पेनने बोर्डिंग पास लिहिले. तोडगा काय, तर यंत्र सेफ मोडमध्ये न्या आणि ती फाइल हाताने पुसा. अझूर या सेवेवरच्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने सल्ला दिला, पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून बघा, काही ग्राहकांना पंधरा वेळाही करावं लागलं आहे. बंद करून चालू कर, हे गल्लीतला मुलगा एका वाक्यात आणि दोनशे रुपयांत सांगतो. तोही थांबतो फक्त चहापुरता.

यथावकाश कॉम्प्युटर सुरू होतो. का झाला ते कोणालाच कळलेलं नसतं. भाचा म्हणतो खोडरबर, मुलगा म्हणतो फॉरमॅट, आजी म्हणते मीठमोहऱ्या. समितीचा अंतिम अहवाल मात्र येतोच : गेमवर बंदी, कॅबिनेटचं झाकण यापुढे उघडं, आणि बाजूच्या पत्र्यावर बाबांच्या वळणदार अक्षरातला कागद : "हा कॉम्प्युटर कोणीही बंद करू नये. बंद पडल्यास कोणीही सुरू करू नये. हुकमावरून."