रा. रा. रक्तदाबसाहेब यांच्या सेवेशी

रा. रा. रक्तदाबसाहेब यांसी,
मु. पो. कारेगाव, ता. शिरूर येथून सा. न. वि. वि.

आपण आमच्या घरी पायधूळ झाडलीत, धन्य झालो. कॅन्सर आला तो रीतसर आला. आधी सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन, मग बायोप्सीचा रिपोर्ट आणि पाठोपाठ नातेवाइकांची रडारड. आपण मात्र ना चिठ्ठी ना चपाटी, किमोच्या सलाईनमागून गुपचूप आत आलात आणि सासूबाईंच्या अंगात मुक्काम ठोकलात. इतका साधेपणा हल्ली बघायला मिळत नाही.

आपल्या विनयाला तर तोड नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण आईंच्या डोक्याकडे बघून हळहळतो, उलट्यांची चौकशी करतो. आपली चौकशी कुणी करत नाही आणि आपणही मानपान मागत नाही. १७० वर जाऊन बसता, तरी आई "मला काही होत नाही गं" म्हणत भाकरी थापत असतात. आवाज न करता काम करणारी माणसं सरकारी खात्यात असती तर राज्याचं कल्याण झालं असतं.

आपली हुशारी कळायला मला जरा वेळ लागला. आईंना अंडाशयाचा कॅन्सर. ऑपरेशननंतर पॅक्लिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन आणि जोडीला दर तीन आठवड्यांनी बेव्हासिझुमॅब. या शेवटच्या औषधामागची कल्पना ज्यूडा फोकमन या अमेरिकी सर्जनची. गाठीला वाढायला रक्त लागतं, त्यासाठी ती नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते. तेव्हा तो पुरवठाच तोडा, असं त्यांनी १९७१ साली मांडलं. कालव्यावरून कुणी चोरून चारी काढली तर ती बुजवायची, इतकं ते सरळ आहे. चारी काढायचा हुकूम ज्या प्रथिनाकडून सुटतो त्याचं नाव व्हीईजीएफ. बेव्हासिझुमॅब त्यालाच धरून ठेवतं. २००४ साली अमेरिकेत त्याला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली, पुढे अंडाशयासाठीही ते वापरात आलं.

पण हेच प्रथिन निरोगी रक्तवाहिन्यांनाही नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतं, आणि त्या वायूमुळे वाहिन्या सैल राहतात. (त्या वायूची ही कामगिरी शोधणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. आपला फोटो त्या समारंभात कसा नव्हता, आश्चर्य आहे.) हुकूम थांबला की चोराची चारी बुजते आणि गावभराचे नळही आवळले जातात. त्या आवळलेल्या नळांत आपण छाती काढून उभे!

वर आपलं कौतुकही करावं लागतं. मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर सुनिटिनिब नावाची याच जातीची गोळी देतात. ज्यांचा रक्तदाब वाढला त्यांना ती जास्त लागू पडली, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे आपण आलात की औषध कामाला लागलं म्हणून पेढे वाटायचे की काय? मात्र त्याच अभ्यासात असंही दिसलं, की बीपीच्या गोळ्या घेऊन आपल्याला खाली बसवलं तरी औषधाचा गुण कमी झाला नाही. हे आपल्या कानावर कुणी घातलं नसेल, म्हणून मुद्दाम कळवते.

आपल्या मित्रमंडळाचेही आभार. पॅक्लिटॅक्सेलची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून आधी डेक्सामेथासोन देतात. ते स्टेरॉइड, आपले जुने स्नेही. ते आलं की आपण चढता, साखरही चढते आणि आईंची झोप उडते. रात्री दोन वाजता उठून बघावं तर आई ओट्यापाशी बसून लसूण सोलतायत. दुसऱ्या दिवशीच्याच नव्हे, आठवड्याच्या भाज्यांचा लसूण.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट्या, जुलाब, पाणीसुद्धा नकोसं, आणि आपण एकदम ९० वर! आई कॉटवरून उठल्या की चौकट धरतात. काल जी बीपीची गोळी तारक, तीच आज मारक. अशा वेळी गल्लीतले सगळे डॉक्टर होतात. एक म्हणतं मीठ-साखरेचं पाणी पाजा, दुसरं म्हणतं गोळी बंदच करा, तिसऱ्याच्या मेव्हण्याला कसला तरी काढा ठाऊक असतो. आम्ही खऱ्या डॉक्टरांना फोन लावतो. ते सांगतील तेवढीच गोळी कमी करायची. लो बीपीबरोबर ताप असेल तर मात्र फोनवर वेळ घालवायचा नाही, गाडी काढायची. किमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तिथे जंतुसंसर्ग रात्रभर थांबत नाही.

आपल्यासाठी नगर रोडचं आतिथ्य तर खासच. एमआयडीसीच्या कंटेनरांमागून शिक्रापूर, तिथून वाघोलीची कोंडी, मग पुणे. दवाखान्यात पोचून पट्टा बांधला की आपण थेट १७८! भली सिस्टर होती. आईंना बाथरूमला जाऊन यायला सांगितलं, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं बसवलं, दंड छातीच्या पातळीला आणला आणि बजावलं, "मावशी, आता एक शब्द बोलायचा नाही." दुसऱ्यांदा १४६ भरलात. घरीही आता तसंच. आधी अर्धा तास चहा नाही, पट्टा बाहीवरून नाही. यात पाच मिनिटं गप्प बसणं हेच आईंना किमोपेक्षा जड जातं.

आपली हजेरी कालनिर्णयवर लावतो. दुधाच्या हिशेबाच्या चौकोनातच. वर "दीड लि.", खाली "सकाळ १५२/९४, संध्या. १३८/८८". महिन्याचं पान फाडून डॉक्टरांपुढे ठेवलं की ते यंत्रापेक्षा त्या पानावर जास्त विश्वास ठेवतात. लघवीतलं प्रथिनही तपासतात, कारण मूत्रपिंडाशीही आपला घरोबा.

आपलं कार्यक्षेत्रही थोडं नाही. मिश्री-तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झालेल्यांच्या मानेला रेडिएशन दिलं की तिथल्या रक्तदाब सांभाळणाऱ्या नसांची जाणीव बिघडू शकते, मग पुढे कित्येक वर्षं आपण मनाला येईल तसे चढता-उतरता. प्रोस्टेटच्या अ‍ॅबिराटेरॉन गोळीसोबतही आपण येता. एकाच दवाखान्यात एवढ्या वॉर्डांत फेऱ्या मारायच्या म्हणजे दमत असाल.

एवढं सगळं हसून घेतलं असतं, साहेब. पण एक उपकार विसरता येत नाही. आपण १८०/११० च्या घरात गेलात की डॉक्टर कॅन्सरचं औषधच थांबवतात. म्हणजे आम्ही पदरमोड करून, सुट्ट्या काढून, गाडी करून तिथवर जायचं आणि आपण दारात आडवं पडून कॅन्सरला तीन आठवड्यांची मोकळीक मिळवून द्यायची. दोस्ती निभवावी तर अशी.

तेव्हा यथाशक्ती पाहुणचार चालू ठेवत आहोत. टेल्मिसार्टन सकाळी, अ‍ॅम्लोडिपिन रात्री. लोणच्याची बरणी माळ्यावर, पापड बंद. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात, त्यामुळे आपला खर्चही जड नाही. बेव्हासिझुमॅब थांबलं की आपण आपोआप उतराल आणि तेव्हा गोळ्याही कमी कराव्या लागतील, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. म्हणजे आपल्या निरोपाचीही तयारी झाली.

हे पत्र आपल्या खांद्यावरून वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं: घरात किमो चालू असेल तर बीपीचं यंत्र घ्या, आकडे लिहा, कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. बीपीच्या गोळ्या दुसरीकडून घेत असाल तर तिथे कॅन्सरच्या औषधांची चिठ्ठी न्या; डिल्टियाझेम, व्हेरापामिलसारख्या गोळ्यांचं कॅन्सरच्या काही गोळ्यांशी पटत नाही.

कळावे. लोभ आहेच, तो १३० च्या वर वाढू नये ही विनंती.

आपली नम्र,
आईंची सून, कारेगाव