जॅकेटराव

पुण्यात पहाटेचा पारा १२ अंशांच्या खाली उतरला की जॅकेटराव कपाटातून बाहेर येतात. खरं तर बाहेर येतं ते जॅकेट. राव आत असतात एवढंच.

"लेदरसारखी ऊब कशात नाही!" हे त्यांचं पालुपद. धारावीच्या दुकानदाराने बाहीवर लायटरची ज्योत फिरवून "देखो साहब, असली माल" म्हटलं, तेव्हापासूनचं. जे आगीला दाद देत नाही ते थंडीला काय देणार, असा त्यांचा हिशेब.

चामडं वारा अडवतं हे खरंच. बुलेटवर वारा स्वेटरच्या टाक्यांतून आरपार घुसतो, चामड्यापाशी मात्र त्याचं काही चालत नाही. पण ऊब धरून ठेवते ती कोंडलेली हवा, आणि ती असते अस्तरात. जुन्या वैमानिकांची जॅकेटं उबदार असत, कारण मेंढीच्या कातड्यावरची लोकर आतून तशीच ठेवलेली असे. रावांच्या जॅकेटला अस्तर आहे गुळगुळीत सॅटिनचं. पहाटे ते पाठीला टेकलं की "अहाहा" म्हणायला उघडलेल्या तोंडातून "आई गं" बाहेर पडतं.

बरं, वारा अडायचा तर चेन लावायला हवी. राव ती लावत नाहीत. स्टाइल जाते म्हणे. (दुसरं कारण पोट; पण ते वहिनी सांगतात.) या खुळाचं खापर फोडायचंच तर १९५३ सालच्या 'द वाइल्ड वन'मधल्या मार्लन ब्रँडोवर फोडावं लागेल. पण त्या बिचाऱ्याला पहाटे पाचला पिठलं-भाकरीसाठी सिंहगड गाठायचा नव्हता.

लडाखलाही राव हेच घालून गेले. खारदुंग ला, सतरा हजार फूट, समोर बर्फ, कमरेवर हात. पाठमोऱ्या फोटोत फक्त जॅकेट दिसतं. "दंड चांगलेच भरलेत की," असं कुणी म्हटलं, तर राव नुसते हसतात. आत थर्मल आणि त्यावर सासूबाईंनी विणलेला पोपटी स्वेटर, ही माहितीसुद्धा वहिनींकडूनच.

परवा सिंहगडावर अकरा वाजले, ऊन तापलं. आम्ही सगळे हाफ शर्टावर आलो. राव घामाने निथळत ताक पीत होते. त्या घटकेला जॅकेट खरोखर गरम होतं, नाही म्हणणार नाही.

"अहो, काढा की ते आता."

रावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चेन गळ्यापर्यंत ओढली.

"असू दे. वारा आहे."