सेन्सर, शेठ आणि हेअर ड्रायर

पुण्यात गाडी बंद पडली की आधी माणसं जमतात, कारण मागाहून सापडतं. आमच्या गाडीचं दुखणं तर भलतंच चोखंदळ. सकाळी थंड इंजिन एका चावीत सुरू. तापलं की भर चौकात मौनव्रत. 'पेट्रोलमध्ये पाणी आहे,' वॉचमनचं निदान. 'विकून टाका,' मेव्हण्यांचं. बायको काहीच बोलली नाही. तिने रिक्षाला हात केला.

मेस्त्रींच्या स्कॅनरवर कोड उमटला, पी ०३४०. म्हणजे कॅमशाफ्ट सेन्सरचं सर्किट. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमशाफ्टची एक, त्यामुळे कोणत्या सिलिंडरची पाळी आहे हे कॅमवरूनच कळतं. अंगठ्याएवढा हा सेन्सर ती खबर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला देतो. वाड्यातल्या नळावर 'आता नंबर कोणाचा' हे ठणकावून सांगणाऱ्या आजींचंच काम!

मी पाकीट काढलं, तर मेस्त्री म्हणाले, "थांबा साहेब. कोड सर्किटचा आहे, सेन्सरचा नाही. आधी वायर बघू. पार्किंगमधल्या उंदरांना तिची चटक असते." कनेक्टर काढून चावी फिरवली, मल्टिमीटर लावला. ५ व्होल्ट येत होते, अर्थिंग ठीक, सिग्नलची वायरही अखंड. उंदरांची निर्दोष मुक्तता झाली.

आता संशय सेन्सरवरच. मग नाना पेठेतलं स्पेअर पार्टचं दुकान. शेठनी विचारलं, "कुठला देऊ? कंपनीचा, ओईएम की लोकल?"

"फरक काय?"

"किमतीचा."

शिवाय दोन पिनांचा चुंबकीय वेगळा, तीन पिनांचा हॉल इफेक्टवाला वेगळा. मॉडेल तेच असलं तरी साल बदललं की पार्टचा नंबर बदलू शकतो. एडविन हॉलने १८७९ साली हा इफेक्ट शोधला, तेव्हा त्याला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालावी लागली नसणार. मागे पाटी होती, 'इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.' मी १७ अक्षरी चेसिस नंबर पुढे केला, जुन्या सेन्सरवरचा नंबर ताडून पाहिला आणि आमच्या तीन पिनांचा कंपनीचा घेतला.

परीक्षा घरी झाली. जुना सेन्सर बाहेरच कनेक्टरला जोडला, चावी ऑन केली आणि टोकासमोरून पाना फिरवला. सिग्नलच्या वायरवर आकडा ५, शून्य, ५, शून्य. ठणठणीत! "आता तापवा," मेस्त्री म्हणाले. बायकोचा हेअर ड्रायर मिळवणं हा या दुरुस्तीतला सर्वांत अवघड टप्पा. गरम वारा लागल्यावर थोड्या वेळात आकडा ५ वर चिकटला. पाना कितीही नाचवा, ढिम्म. नवा मात्र तेवढ्याच वाऱ्यात नाचत राहिला. ओ-रिंगला तेलाचं बोट लावलं, १० नंबरच्या पान्याने एकच बोल्ट आवळला, कोड पुसला. गाडी तेव्हापासून चौकात गप्प बसलेली नाही.

तेव्हा वाचकहो, चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून लगेच पार्ट बदलू नका. आधी वायर तपासा, दुकानात चेसिस नंबर न्या, जुना सेन्सर तापवून बघा. सल्ला वॉचमनपासून मेव्हण्यांपर्यंत कोणाचाही ऐका. पण पाकीट काढायच्या आधी मल्टिमीटरला विचारा.