तीनशे पंधराचा चाप

आष्टी-पाटोदा-शिरूर ही नावं बीड जिल्ह्यात एका दमात घेतली जातात. या पट्ट्यात बंदूक दिसते क्वचित, बोलली जाते रोज. रानडुकरांनी रातोरात बाजरी लोळवली की सकाळी शिरूर कासारच्या टपरीवर कुणीतरी हटकून म्हणतं, ‘‘आज्याची ठासणीची होती तवर बरं होतं.’’ आज्याची गोळी किती डुकरांना लागली होती, हे मात्र कुणी विचारत नाही. मोठ्यांचा मान राखायची रीत आहे.

ठासणीच्या बंदुकीला कायद्यानेही मान दिला आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमात पीकरक्षणासाठी तिचा नावानिशी उल्लेख आहे. ती पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. म्हणजे आधी दारू भरा, मग छर्रे, मग गजाने ठासा, आणि एवढं होईपर्यंत डुकराने जागचं हलू नये, अशी संसदेची अपेक्षा दिसते.

परवान्याच्या रायफलींत मानाची ती इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .315. फौजेची .303 गोळी रयतेच्या हाती पडू नये ही इंग्रजांची काळजी, म्हणून ही वेगळी गोळी. रायफल मात्र घडणीने फौजेच्या ली-एन्फिल्डचीच बहीण, आणि चापाचं दुखणं माहेराहून आलेलं. तो दोन टप्प्यांत येतो. आधी सैल सरकतो, मग अडतो, आणि तिथून पुढे अडीच-तीन किलोचा जोर मागतो. एवढ्या जोराने बोट ओढलं की नळीही बोटामागे जाते आणि गोळी डुक्कर सोडून बांधावरच्या बाभळीत शिरते. हा जडपणा मुद्दाम ठेवलेला. थंडीत, हातमोजे घातलेल्या शिपायाच्या हातून बार चुकून उडू नये. शिरूर तालुक्यात हातमोजे फवारणीच्या वेळीसुद्धा कुणी घालत नाही.

रायफल म्हातारी झाली की स्प्रिंगही थकते. मग फायरिंग पिन काडतुसाच्या बुडाला नुसती टिचकी मारते. ‘खट्’ एवढाच आवाज येतो, आणि तो डुकरालाही ऐकू जातो. नवी कडक स्प्रिंग घातली तर ठोका सणसणीत बसतो, पण ही रायफल बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाते, त्यामुळे ढकलणाऱ्याचा दम निघतो. चाप हलका करायचा तर आतली अडण, जिला कारागीर सिअर म्हणतात, तिच्या घासणाऱ्या कडा केसभर हिशेबाने गुळगुळीत कराव्या लागतात. हिशेब चुकला की चाप फार समजूतदार होतो. दस्ता जमिनीवर जरा जोरात टेकवला तरी बार उडतो.

टपरीवर यावर उपाय तयार असतो: ‘‘वेल्डिंगवाल्याकडं टाक, पॉलिश पेपर मारून देतो.’’ शस्त्र अधिनियमाचं कलम 5 सांगतं की बंदुकीची दुरुस्ती, फेरफार, इतकंच काय चाचणीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणजे मालकाला परवाना, दुरुस्तीवाल्याला वेगळा परवाना. एवढं करून रायफल सुधारून घरी आली की निवडणूक लागते आणि ती ठाण्यात जमा होते. लोकशाहीत त्या स्प्रिंगला भरपूर विश्रांती मिळते. 2024 च्या डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, त्यानंतर जिल्ह्यातले हजारावर शस्त्रपरवाने बातम्यांत आले आणि त्यांची छाननी सुरू झाली. तेव्हा टपरीवर चापाचा विषयही कुणी काढला नसेल, आणि ते बरंच झालं.

आता छऱ्याची बंदूक, म्हणजे एअरगन. तिला परवाना नको, म्हणून सगळी कारागिरी तिच्यावर. पण तिथेही मर्यादा आहे: नळी .177 इंचाहून मोठी नको आणि छऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलच्या वर नको. हौशी माणूस दुप्पट कडक स्प्रिंग कोंबतो. मग बंदूक ताणायला दोन माणसं लागतात, सिअरवर भार वाढल्याने चाप आणखी जड होतो, आणि ज्यूलची रेषा ओलांडली तर बिनपरवान्याचं खेळणं बिनपरवान्याचं शस्त्र ठरतं. छर्रा न भरता नुसता बार काढला तर पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, तो थेट आदळतो. लेकरं नेमकं हेच दिवसभर करतात.

हलका चाप बघायचा तर तो खेळात. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलीत कांस्य जिंकलं. त्या रायफलीच्या चापाला वजनाची किमान अट नसते, तो ग्रॅमांत मोजायचा. दहा मीटर एअर पिस्तुलाला मात्र किमान 500 ग्रॅमची अट आहे, आणि पंच चापाला वजन अडकवून ती तपासतात. अर्ध्या किलोवर एवढी काटेकोर नजर आपल्या आठवडी बाजारातही आली तर किती बरं होईल.

खऱ्या गरजेला बंदूक या भागाने पाहिली ती 2020 च्या हिवाळ्यात. आष्टी तालुक्यात माणसं मारून पुढे गेलेल्या बिबट्याला 18 डिसेंबरला करमाळा तालुक्यात अकलूजच्या धवलसिंह मोहिते-पाटलांनी गोळी घातली, तीही वनखात्याच्या आदेशानंतर. एरवी शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आवर घातला. दुष्काळाच्या त्या साली मराठवाड्यात शिकारीची आठवण कुणाला होती? रायफलीला ‘शिकारी’ हे पुढे फक्त विशेषण उरलं.

म्हणून शेतकरी बांधाला जुन्या साड्या गुंडाळतो, फटाके फोडतो आणि ऐपत असेल तर सौर झटका मशीन बसवतो. त्याला ना चाप, ना परवाना, आणि निवडणुकीत ते ठाण्यात जमाही करावं लागत नाही. तक्रार एकच: तारेखाली गवत वाढलं की करंट जमिनीत जातो आणि डुकरं निवांत ज्वारीत शिरतात. ते गवत काढायला माणूस बघावा, तर अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं.