शिजलेले हॅम पुन्हा शिजवण्याची शास्त्रोक्त पद्धत

अमेरिकेत उन्हाळा लागला की परसदारी कोळसे पेटतात आणि एरवी पाण्याचा पेलाही स्वतः न भरणारा गृहस्थ एप्रन बांधून अंगणात उभा राहतो. चार जुलैला तर हे उभे राहणे राष्ट्रीय कर्तव्यच असते. न्यू जर्सीत घर घेतलेल्या मराठी गृहस्थालाही ते आज ना उद्या पार पाडावेच लागते. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्यासाठी.

प्रथम एक गोपनीय बाब. तिकडच्या दुकानातले बहुतेक हॅम आधीच शिजलेले असते. डुकराची मागची तंगडी कारखान्यात मिठाच्या पाण्यात मुरवतात, तिला धुरी देतात, शिजवतात. तो गुलाबी रंगही नायट्राइटची कृपा. म्हणजे अवघड ते सारे झालेले आहे. आपली भूमिका पंगतीत शेवटी तूप वाढणाऱ्या मामाची. वेष्टनावर ‘पूर्ण शिजलेले’ असे ठळक छापलेले असते, म्हणून पाहुणे येण्यापूर्वी ते वेष्टन कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडवावे. पाककृतीची ही पहिली पायरी होय.

हॅमचा अर्धा ते पाऊण इंच जाडीचा काप घ्यावा. कडेच्या चरबीला इंचाइंचावर चिरा द्याव्यात, नाहीतर आच लागताच काप वाटीसारखा वळतो. व्हर्जिनियाचे कोरड्या मिठात महिनोन्‌महिने मुरवलेले हॅम मात्र या कामी घेऊ नये. ते भिजवून खारटपणा उतरवण्यातच सुट्टी संपेल. तिथल्या स्मिथफील्ड गावात 1902 साली मुरवलेले एक हॅम अजून संग्रहालयात आहे. त्याच्या मालकाने त्याला पितळी पट्टा घातला होता. त्याला ग्लेझ लावण्याचा विचारही करू नये.

ग्लेझ म्हणजे पाकच. अर्धी वाटी ब्राऊन शुगर, तेवढाच डबाबंद अननसाचा रस, चमचाभर मोहरीचा सॉस, थोडे व्हिनेगर, चिमूटभर लवंगपूड. एकतारीच्या जरा अलीकडे उतरवावा. ज्याच्या आईने दिवाळीला चिरोट्यांचा पाक केला आहे त्याला हे सांगायला नको. पण त्या वेळी तो स्वयंपाकघरात कुठे होता, हा प्रश्न येथे उपस्थित करत नाही.

डबाबंद अननस हा आळस आहे, असे कुणी म्हटल्यास खडसावून सांगावे की ताज्या अननसात ब्रोमेलेन असते, ते प्रथिने तोडते आणि त्यात मुरत ठेवलेले मांस पिठूळ होते. डबा भरताना उष्णतेने ते निकामी होते. शिवाय जेम्स डोल यांनी 1901 साली हवाईत कंपनी काढली ती डबे भरायलाच. एवढे ऐकल्यावर, पाक उकळला की ते ब्रोमेलेन तसेही मरतेच, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता जाळी. कोळसे एका बाजूला सारावेत, म्हणजे भडका उडाल्यास हॅमला पळायला जागा राहते. गोल झाकणाची शेगडी 1952 साली जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यात तरंगणाऱ्या बोयांच्या अर्धगोलांतून घडवली. झाकण आच धरून ठेवायला आहे. गृहस्थ मात्र ते दर मिनिटाला उघडतो, गंभीरपणे आत पाहतो, चिमटा दोनदा वाजवतो आणि पुन्हा लावतो. या कृतीने हॅमला काही होत नाही.

काप दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटे शेकावा. ग्लेझ शेवटच्या दोन-तीन मिनिटांतच फासावे. साखर आधी लावली तर ती जळून कोळसा होते आणि मग ‘स्मोकी फ्लेवर’ म्हणत हसतमुखाने वाढावे लागते. आतले तापमान 140 अंश फॅरेनहाइट झाले की झाले.

पाहुण्यांत डुक्कर न खाणारे निम्मे असतात, त्यांतल्या एक काकू चिमट्याकडे रोखून पाहत असतात. त्यांच्यासाठी अननसाच्या चकत्या आधीच, स्वच्छ जाळीवर, वेगळ्या चिमट्याने भाजाव्यात. “चिमटा वेगळा ना रे?” असे त्या विचारतील, तेव्हा उत्तर खरे असावे. वर तिखट-मीठ भुरभुरावे. या चकत्या हॅमच्या आधी संपतात. हॅमवाल्यांनाही त्याच हव्या असतात.

जाळी गरम असतानाच तारेच्या ब्रशने घासावी. गार झाल्यावर साखर दगड होते आणि रात्रभर भिजवावी लागते. मात्र त्या वेळी गृहस्थ अंगणात खुर्ची टाकून कौतुक स्वीकारत असल्याने हे काम रिवाजाने घरातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे जाते. तिला मार्गदर्शन लागत नाही. बटाट्याचे सॅलड, कोशिंबीर, सरबत आणि तो पाकही तिनेच केलेला असतो.