तिसरा ठपका

लग्नाच्या स्थळापासून नोकरीच्या अर्जापर्यंत माणूस स्वतःला दोन बोटं वाढवून सांगतो आणि ऐकणारा ती दोन बोटं मनातल्या मनात वजा करून घेतो. हा व्यवहार इतका जुना की त्यात कुणी कुणाला फसवलं असं कुणालाच वाटत नाही. अमेरिकेतल्या हौशी टेनिसच्या लीगमध्ये मात्र मी उलटी गंगा वाहताना पाहिली. चांगली शिकलीसवरलेली, पोटऱ्या टणक असलेली माणसं इथं अर्ज भरताना एकदम विनयशील होतात. आम्हाला फारसं येत नाही हो, असं लिहून मोकळी होतात. मग पुढं त्यांच्यावर चौकशी बसते, आणि आरोप काय, तर ‘तुम्हाला येतं’.

ही लीग तिथल्या राष्ट्रीय टेनिस संघटनेनं, म्हणजे यूएसटीएनं, १९८० साली सुरू केली. आज तीन लाखांहून अधिक हौशी जीव तिच्यात खेळतात. प्रत्येकाच्या कपाळी एक आकडा असतो, १.५ पासून ७.० पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या पायरीनं चढत जाणारा. ७.० म्हणजे दूरदर्शनवर दिसणारे देव. १.५ म्हणजे चेंडू एकदाचा जाळ्यापलीकडं पडू दे, एवढंच मागणं असलेले भाविक. तुमच्या-आमच्यासारख्यांची वस्ती ३.० ते ४.० या चाळीत. कुठल्या पायरीवर कसली माणसं राहतात याचं वर्णन संघटनेनं लिहून ठेवलंय. ३.० वाल्याला मध्यम वेगाचा चेंडू जमतो, पण मारलेला फटका जाईल कुठं याची खात्री त्याची त्यालाही नसते. ४.० वाल्याचे फटके भरवशाचे असतात, पण उतावीळपणापायी तो गुण घालवू शकतो. हे वाचून माझी बायको म्हणाली, “उतावीळपणात तू केव्हाच ४.० ला पोचलायस. राहिलेत ते फक्त फटके.”

नवा गडी आपला आकडा आपणच सांगतो. पूर्वी कुठं खेळलात, कॉलेजच्या संघात होतात का, असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि पायरी पत्करायची. खरी गंमत इथून सुरू होते. प्रत्येक सामन्यानंतर एक संगणक कुठंतरी बसून गुणपत्रिका तपासतो. त्याला तुम्ही जिंकलात की हरलात यापेक्षा किती गेमनी, आणि कुणाशी, याच्यात जास्त रस असतो. बलाढ्य माणसाशी ४-६, ४-६ असं हरलात तर तुमचा भाव वाढू शकतो. कच्च्या माणसाशी धापा टाकत जिंकलात तर उतरू शकतो. हा हिशेब शंभराव्या हिश्शापर्यंत चालतो, पण तो कुणाला दाखवत नाहीत. वर्षाअखेरीला फक्त अर्ध्या पायऱ्यांचा निकाल लागतो. मधल्या काळात स्वतःचा आकडा स्वतःच ठरवलेल्या खेळाडूची झेप नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडं गेली, की त्याच्या नावावर एक ठपका पडतो. असे तीन ठपके पडले की तो त्या पायरीवर अपात्र. त्यानं जिंकलेले सामने बऱ्याचदा उलटे फिरवून हरलेल्यांच्या पदरात टाकतात, आणि कालपर्यंत त्याला डोक्यावर घेऊन नाचणारा कॅप्टन आज त्याच्याकडं सदोष मनुष्यवध केल्यासारखा बघतो.

म्हणून मुरलेले लोक जपून जिंकतात. पहिला सेट ६-० झाला आणि दुसऱ्यात ४-० झाले, की पलीकडच्या गृहस्थांच्या हाताला अचानक कंप सुटतो. सर्व्ह जाळ्यात. दुसरी सर्व्ह रेषेबाहेर वीतभर. मग कपाळावर हात मारणं, रॅकेटच्या तारा बोटांनी सारख्या करणं, आकाशाकडं एक दुःखी कटाक्ष. पण चुकणं हे अवघड काम आहे. ज्याला सूर पक्का ठाऊक आहे त्यालाच नेमकं बेसूर गाता येतं, आणि तिथंच तो पकडला जातो. आमच्यासारख्यांचे चुकलेले फटके दाही दिशांना जातात. यांचे सगळे त्याच एका कोपऱ्यात, रेषेपासून तेवढ्याच अंतरावर पडतात.

आमच्या साताऱ्याकडच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड मला अशा वेळी आठवतो. खोबरं-रेवड्यांवर पोरंसोरं लढून झाली, हलगी तापली, की मोठ्या जोड्या लागायच्या. पंच दोघांचे हात धरून फडाभोवती फिरवायचे आणि चारी बाजूंच्या माणसांनी ‘बरोबर हाय’ म्हटलं की कुस्ती. एखादा परगावचा पैलवान ढगळ सदरा घालून गर्दीत अंग चोरून उभा असायचा, हलक्या जोडीच्या आशेनं. पटक्यातले म्हातारे पंच त्याचा सदराही काढायला लावायचे नाहीत. जवळ जाऊन नुसते कान बघायचे. तालमीच्या मातीत वर्षानुवर्षं घासून मोडलेले, गोळा झालेले कान. ‘ह्याला खालनं नको, वरनं जोड द्या,’ एवढंच बोलायचे. टेनिसवाल्यांचे कान शाबूत असतात, पण खेळून परतताना कुणी मोजे उतरवले की पाहावं. घोट्याखाली दुधासारखा पांढरा पाय आणि वर रापलेली पोटरी, मधे आखल्यासारखी रेघ. अशा पायाच्या माणसानं ‘मी नवशिक्या’ म्हटलं तर विश्वास ठेवू नये.

या सगळ्यात खरोखरीचे भाबडेही भरडले जातात. न्यू जर्सीत आमच्या संघात एक काका आले. निवृत्तीनंतर लेकाकडं राहायला आलेले, पूर्वी क्लबात संध्याकाळी खेळायचे म्हणे. “मला कुठं येतंय,” म्हणून त्यांनी ३.० लिहिलं, आणि ते त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. आपल्याकडची ती पिढीच तशी. पेपर कसा गेला विचारलं की ‘ठीक’ म्हणायचं आणि वर्गात पहिलं यायचं. काकांचा चेंडू सावकाश निघायचा आणि नेमका समोरच्याच्या बुटापाशी उतरायचा. आमच्यातल्या कुणालाच तो धड परतवता यायचा नाही. उन्हाळा सरता सरता ई-मेल आली. तिसरा ठपका.

काका फार खजील झाले. आपल्या हातून काही अफरातफर झाल्यासारखं त्यांनी ते पत्र काकूंना वाचून दाखवलं. काकूंनी चष्मा लावून पुन्हा वाचलं. “अहो, म्हणजे तुम्हाला चांगलं येतं म्हणून काढलं?”

“तसंच दिसतंय.”

“इतक्या वर्षांत तुमच्या साहेबांनी असं एक पत्र धाडलं नव्हतं,” काकू म्हणाल्या आणि लेकाला प्रिंट काढायला पिटाळलं. तो कागद पुढं हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीनं वाचला.

काका आता ३.५ मध्ये खेळतात आणि बहुतेक रविवारी हरतात. सामन्याआधी नाणं उडवताना ते अजूनही समोरच्याला सांगायला जातात, “मला कुठं येतंय,” आणि कॅप्टन लांबून हातवारे करून त्यांना गप्प करतो. माझ्या नावावर म्हणाल, तर इतक्या हंगामांत एकही ठपका नाही. संगणकाला माझा संशय कधी आलाच नाही.