दाताच्या कण्या

मिक्सर घेताना ज्यांनी दुकानदाराकडून मोटारीच्या वाइंडिंगची जाडी लिहून घेतली होती, ते अप्पा मुलीच्या दातांचा प्रश्न हाती आल्यावर काय करतील, याचा अंदाज कोथरूडच्या आमच्या सोसायटीला असायला हवा होता. अप्पा राष्ट्रीयीकृत बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले. विभाग सुटला, तपासणी सुटली नाही. असे अप्पा पुण्यातल्या प्रत्येक इमारतीत एक तरी असतात. मोठ्या इमारतीत विंगेगणिक. वस्तू घरी आल्यापेक्षा तिचा खरा भाव कळला की त्यांना शांत झोप लागते.

प्रश्न तसा साधा होता. मुक्ताचे, म्हणजे त्यांच्या लेकीचे, वरचे पुढचे दोन दात जरा एकमेकांवर चढलेले. शाळेत असतानाच तार लावायची होती, पण त्या वेळच्या चौकशीचा निकाल लागेपर्यंत तिची बारावी झाली. आता ती हिंजवडीत नोकरी करते, आणि तिला तार नको, अलायनर हवे होते. पारदर्शक प्लास्टिकचा साचा दातांवर चढवायचा, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा साचा. खर्चही तीच करणार होती.

"पैसे तुझे आहेत गं," अप्पा म्हणाले, "पण फसणार आपण सगळे."

दुसऱ्या दिवशी निळ्या पुठ्ठ्याची वही आली. रकाने आखले गेले: दवाखाना, डॉक्टरची पदवी, भाव, भावात काय धरलंय, काय धरलेलं नाही, आणि शेवटचा रकाना 'बोलण्यातली घाई'. कर्वे रोड, प्रभात रोड, औंध, बाणेर, कल्याणीनगर असा दौरा झाला. आकडे लाखाच्या आसपास सुरू होऊन साडेतीन लाखांपर्यंत चढले. नदी ओलांडली की दातांचा भाव वाढतो, असा अप्पांचा सिद्धान्त तयार झाला. "एकच तोंड," ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत, "आणि भाव बघा!"

पहिल्याच दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मुक्ताच्या तोंडात पेनासारखा स्कॅनर फिरवला आणि पडद्यावर तिचे दात हळूहळू सरकून सरळ होताना दाखवले. मुक्ता बघतच राहिली. अप्पांनी विचारलं, "हा सिनेमा पेनड्राइव्हवर मिळेल का?" हेतू उघड होता, पुढच्या दवाखान्यात तो दाखवून 'हेच काम कितीला कराल' असं विचारायचं होतं. बाई हसल्या, पण पेनड्राइव्ह काही घेतला नाही.

मग मुख्य मुद्दा. "वाकडे दोनच आहेत, डॉक्टर. बत्तीसांचे पैसे कसे?"

"काका, दोघांना सरळ व्हायला जागा लागते, म्हणून शेजारच्यांनी सरकायला हवं. वरचे हलले की खालच्यांशी चावा जुळवावा लागतो."

"बरं. पण तिच्या चारही अक्कलदाढा आम्ही काढल्यात. तेवढ्या वजा करा."

हा युक्तिवाद आमच्या सोसायटीत आजही बिनतोड मानला जातो.

एका ठिकाणी दोन लाख वीस हजार सांगितले: चोवीस साचे वरचे, चोवीस खालचे, प्रत्येक जोडी दोन आठवडे. अप्पांनी ते रात्रीत फोडून काढले. एका साच्याला ४,५८३ रुपये ३३ पैसे. दिवसाला बावीस तास घालायचे म्हणजे एकूण ७,३९२ तास. तासाला तीस रुपयांना चार आणे कमी. एक साचा दाताला फार तर पाव मिलिमीटर हलवतो, म्हणजे चोवीस साच्यांत सहा मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला छत्तीस हजारांच्या वर. "प्रभात रोडला चौरस फुटालासुद्धा हा भाव नाही!" प्रत्येक दात प्रत्येक साच्यात हलतोच असं नाही, हे डॉक्टरांनी सांगून पाहिलं. त्याने मिलिमीटरचा भाव आणखीच वाढला.

बावीस तासांचा हिशेब मात्र त्यांना मनापासून पटला नाही. साचा घालून पाण्याखेरीज काही प्यायचं नाही. गरम चहाने प्लास्टिक वाकतं आणि डागाळतं. खाताना काढायचा, दात घासायचे, परत चढवायचा. उरले दोन तास. "त्यात न्याहारी, दोन जेवणं, चारदा चहा, वर वैशालीत कोणी भेटलं तर कॉफी. बसवून दाखवा." अलायनरचा जन्म अमेरिकेतला, तिथे अमृततुल्य नाही, इथेच सगळं चुकलं, असं त्यांचं मत आहे. 'अदृश्य' म्हणायचं आणि दातांच्याच रंगाची बारीक बटणं पुढच्या दातांवर चिकटवायची, यालाही त्यांनी वहीत लाल शाईने खूण केली.

चौकशी करता करता अप्पा विद्वान झाले. दंतरचनेच्या दोषांचे तीन वर्ग एडवर्ड अँगल या अमेरिकन डॉक्टरने १८९९ साली पाडले, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. "आमची मुक्ता पहिल्या वर्गात," हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की समोरच्या काकूंनी अभिनंदन केलं. इन्व्हिजलाइन या अलायनरची कंपनी १९९७ साली काढणारे झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ हे दोघे स्टॅनफर्डचे एमबीए. दातांचं शिक्षण दोघांपैकी कोणाचंच नाही. चिश्तीच्या स्वतःच्या दातांची तार निघाल्यावर लावायला दिलेल्या रिटेनरवरून त्याला ही कल्पना सुचली. हे कळल्यापासून अप्पांचा आत्मविश्वास आवरेनासा झाला. शोध लावायला डॉक्टर लागला नाही, तर निवड करायला कशाला लागतो?

पण थट्टा बाजूला ठेवली तर त्या वहीत काही सोन्यासारख्या ओळी आहेत. घरबसल्या साचे पाठवणाऱ्यांवर अप्पांनी फुली मारली, त्यामागे पुरावा होता. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही असलीच कंपनी सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली, डिसेंबरात बंद पडली आणि तिची आजीवन हमीही तिच्याबरोबर संपली. "हमी आजीवनच होती," अप्पा म्हणाले, "कंपनीच्या."

डॉक्टर निवडताना ते भिंतीजवळ जाऊन, चष्मा लावून प्रमाणपत्र वाचत. बीडीएसनंतर तीन वर्षं दात सरळ करण्याच्याच विषयात एमडीएस केलेली हवी. नुसता कंपनीचा बिल्ला चालणार नाही, कारण तोंडातला चावा कंपनीला दिसत नाही, डॉक्टरला दिसतो. ठरलेले साचे संपले आणि दात पुरते बसले नाहीत तर पुन्हा स्कॅन करून जादा साचे करावे लागतात. ते भावात धरलेत का? शेवटी रिटेनर लागतो, नाहीतर दात पुन्हा आपल्या जुन्या जागेकडे निघतात. तो धरलाय का, आणि हरवला तर नवा कितीला? मधेच नोकरीसाठी बेंगळुरूला जावं लागलं तर पुढचं कोण बघणार? जागा करायला दातांच्या कडा घासणार असाल तर किती? काहींनी या प्रश्नांना नीट, सावकाश उत्तरं दिली. काहींनी 'आजच बुक केलंत तर' अशी सुरुवात केली. त्यांच्या शेवटच्या रकान्यात अप्पांनी 'फार' असं लिहिलं.

'विनाव्याज हप्ता' हे शब्द ऐकल्यावर तर त्यांच्यातला तपासनीस खडबडून जागा झाला. "व्याज किमतीत आधीच घातलेलं असतं. एकरकमी दिले तर किती सोडता, ते सांगा." अकरा हजार सोडले. अप्पांनी आकडा लिहून घेतला आणि विचार करून कळवतो म्हणाले.

धनकवडीच्या भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाकडे त्यांचा कल होता. महाविद्यालयात एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च कमी येतो, आणि एका दातामागे चार माणसं विचार करतात ही गोष्ट अप्पांना फार आवडली. मुक्ता म्हणाली, "बाबा, हिंजवडीहून दर वेळी धनकवडी? दात सरळ होतील रे, पाठ वाकडी होईल."

त्यानंतर तिने विषय काढला नाही. अप्पांना वाटलं, तिला पटलं.

कोजागरीला गच्चीवर सगळे जमलो होतो. अप्पा खुर्चीवर बसून सांगत होते, "अदृश्य वगैरे नुसती जाहिरात. अलायनर घातलेला माणूस मी चार फुटांवरून ओळखीन." दूध आलं तशी शेजारी बसलेली मुक्ता उठून पाण्याच्या टाकीमागे गेली, पर्समधून छोटी डबी काढली आणि परत येऊन पेला उचलला. आमच्या हिने ते पाहिलं आणि तिला गाठलंच. नववा साचा चालू होता. ऑफिसजवळची एमडीएस डॉक्टर, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणारी. हप्ते नाहीत, एकरकमी; सूट मिळाली. वहीतल्या प्रश्नांच्या पानाचा तिने मोबाइलवर फोटो काढून नेला होता आणि एकेक प्रश्न वाचून दाखवला होता. जादा साचे आणि रिटेनर दोन्ही भावात बसवून घेतले. डॉक्टर म्हणाल्या म्हणे, असं विचारणारा पेशंट आजवर भेटला नव्हता.

अप्पांना अजून पत्ता नाही. रोज सकाळी तिच्यासमोर बसून ते पेपर वाचतात. मध्यंतरी "तू हल्ली चहा कमी केलास, बरं केलंस" एवढंच म्हणाले.

तुमच्या घरात कोणाला अलायनर लावायचे असतील तर वही जरूर मागा. कोणालाही देतात, फक्त रविवारच्या आत परत हवी असते. आणि मुक्ताचं तेवढं बोलू नका. त्यांच्या हिशेबाने तिचा निर्णय दिवाळीनंतर व्हायचा आहे.